टेबल सॉची रिप फेन्स झिजली आहे : दुरुस्त करू, विकत घेऊ की बनवून घेऊ?

भुसेकर

मंडळी, सांगलीत घरामागच्या शेडमध्ये माझं हौसेचं सुतारकाम चालतं. टेबल सॉ जुनं आहे, एका बंद पडलेल्या पॅटर्न शॉपमधून उचललेलं. टेबल बिडाचं, पातं १२ इंची, २ एचपीची मोटर, २८८० आरपीएम, दोन्ही पुल्या सारख्या. बेअरिंगं बदलली, नवं टीसीटी (कार्बाइडच्या दातांचं) पातं घातलं, आता आवाज गोड येतो. रडगाणं आहे ते रिप फेन्सचं.

फेन्स म्हणजे लाकूड लांबीत चिरताना ज्याला टेकवून ढकलायचं तो बिडाचा लांब ठोकळा, टेबलाच्या पुढे आणि मागे बसवलेल्या दोन गोल दांड्यांवर सरकणारा. पुढची मूठ आवळली की आतला रॉड ओढला जातो आणि मागचा आकडा मागच्या दांडीला धरतो. हा आकडा झिजलाय. त्यामुळे मूठ आवळताना मागचं टोक कधी पात्याकडे सरकतं, कधी पात्यापासून लांब जातं. फेन्स हलवून परत त्याच मापावर आणली तर पट्टी अर्ध्या सुताने कमी-जास्त निघते. सागवान चिरताना कड काळी पडते. भरीला फेन्सची उभी बाजू मधे खोलगट झालीय, सरळपट्टी लावली की उजेड दिसतो.

तीन वाटा दिसतात. आकडा वेल्डिंगने भरून कानशीने घासून घ्यायचा, बाहेरून तयार फेन्स मागवायची, किंवा इथल्याच फॅब्रिकेटरकडून नवी करून घ्यायची. अचूकता अर्ध्या मिमीच्या आत आली तरी चालेल. मला फर्निचर करायचंय, घड्याळं नाहीत.

डोंबिवलीचा फर्निचरवाला

साहेब, उगाच डोक्याला ताप. साइटवर आमचं टेबल म्हणजे प्लायच्या टेबलाखाली उलटा बसवलेला हातकटर. गाइड म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप आणि दोन सी क्लॅम्प. पुढे टेप लावायचा, मागे टेप लावायचा, दोन्हीकडे सारखं आलं की आवळायचं. त्यावर किचनच्या किचन निघतात. तुमचा तो ठोकळा भंगारात घाला आणि पाइप लावा.

सागवेडी

दादा, उलट्या कटरला ना गार्ड असतो ना मागची सुरी (रिव्हिंग नाइफ). त्याच्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. पण पाइप आणि क्लॅम्पचा मुद्दा बरोबर आहे, दोन्ही टोकं मोजून लावलेला सरळ पाइप झिजलेल्या फेन्सपेक्षा केव्हाही भरवशाचा. फक्त दर मापाला पाच मिनिटं जातात. साइटवर एक माप लावून दिवसभर तेच कापतात म्हणून तुम्हाला ते जाणवत नाही.

गुण्या पक्का

भुसेकर, फेन्सला फाशी देण्याआधी पात्याची साक्ष घ्या. (आयुष्य टूलरूममध्ये गेलं, भोसरीत. मोजल्याशिवाय बोलायची सवय नाही.)

तुम्ही दोन आजार एकत्र सांगितलेत. माप चुकणं हा फेन्सचा. कड जळणं हा फेन्सचाही असेल, पात्याचाही. आधी मशीनचा प्लग काढा. पात्याच्या एका दातावर मार्करने खूण करा, तो दात पुढे आणा आणि मायटर गेजच्या खाचेपासून (टेबलात पात्याच्या बाजूने जाते ती) त्याचं अंतर मोजा. मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे न्या, पुन्हा मोजा. दात तोच हवा, नाहीतर पात्याची डगमग मापात येते. डायल गेज असेल तर उत्तम, नाहीतर काँबिनेशन स्क्वेअर आणि फीलर गेजवर काम भागतं. दोन मापांत ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर टेबलाखाली पात्याचा पाळणा (पातं धरणारी चौकट) ज्या बोल्टांवर टांगलाय ते सैल करून पातं खाचेला समांतर करून घ्या. खाच बिडात कापलेली आहे, ती हलत नाही. म्हणून पातं खाचेवरून लावायचं आणि फेन्सही खाचेवरूनच. फेन्स पात्यावरून लावत बसलात की एकाची चूक दुसऱ्यात शिरते आणि मग वर्षभर दोघांना शिव्या.

दुसरी चाचणी फेन्सची. ती आवळा, पुढचं आणि मागचं अंतर खाचेपासून मोजून लिहून ठेवा. सोडा, लांब ढकला, परत आणून आवळा, मोजा. असं पाच-सहा वेळा करा. फेन्स दर वेळी तेवढीच तिरकी बसत असेल तर दुरुस्ती जमेल, स्क्रू फिरवून ती सरळ करता येते. दर वेळी वेगळीच तिरकी बसत असेल तर तिच्यावर खर्च करू नका.

एक गैरसमज मात्र जाता जाता काढून टाकतो. तिरक्या फेन्सने पट्टी निमुळती होते असं पुष्कळजण म्हणतात. लाकूड फेन्सला टेकून चाललं तर रुंदी सगळीकडे तीच येते. तिरकेपणाचा त्रास असा की फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलं असेल तर पुढे गेलेलं लाकूड फेन्स आणि मागच्या दातांमध्ये चेंगरतं. आधी कड जळते. त्याच्या पुढे काय होतं ते सागवेडीताई सांगतील.

सागवेडी

सांगते, कारण हा प्रश्न मापाचा कमी आणि पोटावर बसणाऱ्या दणक्याचा जास्त आहे. पात्याचे पुढचे दात खाली जातात, लाकडाला टेबलावर दाबतात. मागचे दात वर येतात. लाकूड त्यांच्यात अडकलं की ते उचललं जातं आणि पात्याच्या वेगाने आपल्या दिशेने फेकलं जातं. भुसेकरांचंच गणित करू : १२ इंची पातं, २८८० आरपीएम, म्हणजे दाताचा वेग सेकंदाला ४६ मीटर, ताशी १६५ किलोमीटर. समोर उभं राहून तेवढ्या वेगाचा फळीचा तुकडा कोणाला झेलायचाय?

तुमच्या सॉला पात्यामागे रिव्हिंग नाइफ आहे का? नसेल तर फेन्सच्या आधी ती करून घ्या. पोलादी पट्टी, जाडी पात्याच्या तबकडीपेक्षा थोडी जास्त आणि दातांच्या कापापेक्षा थोडी कमी. काप ३.२ मिमी आणि तबकडी २.२ असेल तर पट्टी साधारण २.५ ची. दातांपासून ३ ते ८ मिमी अंतरावर, आणि पातं वर-खाली होईल तसं तिनेही वर-खाली व्हायला हवं. चिरलेलं लाकूड मागे मिटायला बघतं, ही पट्टी त्याला मिटू देत नाही. सागाचा ताण सुटला की फळी कशी मिटते हे ज्याने पाहिलंय त्याला जास्त सांगायला नको.

निवांत नागपूर

मधेच विचारतो. माझ्याकडे डीवॉल्टचं डीडब्ल्यू ७४५ आहे, लहानवालं. त्याची फेन्स बदलून मोठी लावता येईल का? तूनळीवर कोणीतरी लावलेली पाहिली होती.

गुण्या पक्का

लावता येते, पण कशाला? त्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही रुळांना दातेरी पट्ट्या आहेत आणि एकाच दांड्यावरची चाकं त्या दोन्हींत फिरतात. म्हणून दोन्ही टोकं बरोबरीने सरकतात. या आकाराच्या सॉसाठी ही रचना उत्तम आहे. समांतर नसेल तर रुळांचे स्क्रू सैल करून एकदा जुळवून घ्या, दातांतला भुसा ब्रशने काढत जा. त्या हलक्या टेबलाला दहा किलोचा लोखंडी पाइप लावलात तर सॉ स्टँडवरून एका बाजूला कलेल.

भुसेकर

मोजलं. पात्यात ०.२५ मिमीचा फरक होता. बोल्ट सैल करून रबरी हातोड्याने टिचक्या मारत ०.०५ वर आणलं. जळणं निम्म्याने कमी झालं, म्हणजे निम्मा आरोप फेन्सवर उगाच होता.

फेन्सचे आकडे मात्र ऐका. मागचं टोक एकदा पात्याकडे ०.४, मग बाहेर १.१, मग बाहेर ०.३, मग पुन्हा आत. दर वेळी वेगळं. रिव्हिंग नाइफ नाही. ती आधी करतोय, पाळण्यावर तिच्यासाठी जागा आहे.

गुण्या पक्का

फेन्स गेली. आकडा भरून घेतलात तरी आज ना उद्या दांडी झिजेल. नवी करा.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून. माझ्याकडेही जुना काँट्रॅक्टर सॉ, त्याचीही फेन्स दोन्ही टोकांना धरणारी आणि तिची हीच रड. इथे यावर ठरलेला उपाय आहे : टी-स्क्वेअर फेन्स. अ‍ॅरिझोनातल्या बिसमायर नावाच्या गृहस्थांनी ती लोकप्रिय केली, त्यांची कंपनी पुढे डेल्टा या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीकडे गेली. पेटंटची मुदत केव्हाच संपली, त्यामुळे आज बऱ्याच कॅबिनेट सॉवर (बंद पेटीवरचे जड टेबल सॉ) दिसते ती त्याच कल्पनेची कोणती ना कोणती आवृत्ती.

कल्पना इतकी साधी की राग येतो. फेन्स फक्त पुढेच आवळायची. टेबलाच्या पुढच्या कडेला ३ बाय २ इंची चौकोनी पाइप रूळ म्हणून. फेन्सचं शरीर लांब पाइपचं, त्याच्या पुढच्या टोकाला आडवा अँगल जोडून टी तयार होतो. हा अँगल रुळावर टेकतो, आतून एक कॅम (केंद्राबाहेर भोक असलेला गोल तुकडा, हँडल फिरवलं की दाबतो) तो घट्ट दाबतो. अँगलच्या दोन टोकांना नायलॉनचे दोन स्क्रू. त्यांनी समांतरपणा जुळवायचा. मागचं टोक मोकळं, फार तर एक प्लॅस्टिकचा पाय. म्हणजे आवळताना पुढे-मागे ओढाताण होतच नाही.

इथे तयार मिळतात त्यात हा प्रकार, मग व्हेगाची गोल पाइपवरची, आणि इन्क्राची लीड स्क्रूवाली, जी ठरावीक अंतरावर टकटक बसते. इन्क्रा पाहून लाळ गळते, पण साध्या फर्निचरला तिची गरज नाही. आणि भुसेकर, यातलं काहीही भारतात मागवू नका. रूळच दीड मीटरचा, सगळं मिळून वजन भरपूर. वाहतूक आणि सीमाशुल्कात तुमची नवी मोटर येईल. लोखंड सांगलीतही मिळतं.

डोंबिवलीचा फर्निचरवाला

मागचं टोक मोकळं ठेवलं तर लाकडाने दाबलं की सरकणार नाही का? आमच्या पाइपला म्हणून दोन्हीकडे क्लॅम्प लागतात.

अटलांटिकपार

दादा, प्रश्न अगदी नेमका. सगळी मदार टी च्या आडव्या दांडीवर. ती जितकी लांब तितकं मागचं टोक कमी हलतं. आखूड केली की फसली. माझ्याकडची साधारण फूटभर आहे.

तळकोकणी

कुडाळहून. लोखंडी पाइपच्या ऐवजी अ‍ॅल्युमिनियमचं टी-स्लॉट प्रोफाइल का नको? ४० बाय ८० चं. गंजत नाही, पाइपपेक्षा सरळ येतं, वरच्या खाचेत फेदरबोर्ड (लाकूड दाबून धरणारी दातेरी फळी), स्टॉप, काय हवं ते अडकवता येतं. आमच्याकडे जूनमध्ये लोखंडावर हात ठेवला तरी बोटांचे ठसे गंजून उठतात.

बाजूला फळी लावणार असाल तर एक सांगतो. एमडीएफ किंवा प्लायला सनमायका दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावलात तर पावसाळ्यात फळी केळ्यासारखी वाकते, मग नवी फेन्स काय आणि जुनी काय.

गुण्या पक्का

प्रोफाइल फेन्सच्या शरीराला चांगलं, रुळाला नको. कॅमचा दाब एका जागी येतो, अ‍ॅल्युमिनियमला त्या जागी खड्डे पडतात. रूळ लोखंडीच ठेवा.

रुळासाठी ७५ बाय ५० बाय ३ चा पाइप घ्या, मीटरला साडेपाच किलोच्या आसपास भरतो. दुकानात सरळपट्टी घेऊन जा आणि ढिगातला सरळ तुकडा निवडा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. पाइपच्या एका बाजूला वेल्डची लांब शिवण असते, ती बाजू टेबलाकडे करा, अँगल जिथे घासणार तिथे ती येता कामा नये.

टी जोडताना एका बाजूने सलग वेल्ड मारू देऊ नका, ओढ घेतो. आधी चार टाके, गुण्याने तपासा, थंड होऊ द्या, मग आलटून पालटून. अगदी नव्वद अंश नाही आलं तरी नायलॉनचे स्क्रू तेवढं सांभाळतात. आलेला पीळ मात्र कोणताच स्क्रू काढत नाही, म्हणून सपाट जागेवर ठेवून वेल्ड करायचं. तुम्ही प्रोफाइल घेणार असाल तर वेल्डचा प्रश्नच मिटतो, जाड प्लेटला बोल्टने बसवा.

कॅमसाठी २५ मिमीचा गोल बार, लेथच्या चार जबड्यांच्या चकात केंद्रापासून ३ मिमी सरकवून भोक. हँडल फिरवल्यावर जास्तीत जास्त ६ मिमीची चाल मिळते, पुरे झाली.

टेबलाच्या कडेला एम ८ चे आटे पाडताना बिडाला तेल लावू नका. बीड कोरडंच कापायचं, भुकटी ब्रशने काढत.

कोल्हापुरी रंधा

भावा, सांगलीत कुठं हिंडतोस, कोल्हापूरला उद्यमनगरात ये. लेथवाला, वेल्डर, पाइपवाला सगळे एका हाकेवर. फक्त हातात कागदावरचं ड्रॉइंग घेऊन ये. तोंडी सांगितलंस तर कारागीर त्याच्या मनातली फेन्स करून देतो, ती पण झकास असते, पण तुझ्या टेबलाला बसत नाही.

सागवेडी

करतच आहात तर एक बदल सुचवते. बाजूची फळी पुढे-मागे सरकणारी करा, खाच आणि दोन मुठींवर. युरोपातल्या सॉवर सागवान किंवा कोणतंही भरीव लाकूड चिरताना फेन्स मागे ओढून ठेवतात, तिचं टोक पात्याच्या मध्याच्या आसपास संपतं. लाकूड कापलं गेलं की त्याला आधार हवाच कशाला? पट्टी मोकळी होऊन बाजूला सरकते, चेंगरायला जागाच राहत नाही. प्लायसाठी पुन्हा पुढे ढकलून पूर्ण लांबी वापरायची. प्लायला ताण नसतो, तिथे लांब फेन्स बरी.

अटलांटिकपार

आखूड फेन्सशी सहमत नाही. आठ फुटी शीट ढकलताना मला मागेही भिंत लागते. त्यापेक्षा मागचं टोक पात्यापासून केसभर लांब ठेवा, चेंगरण्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

सागवेडी

प्लायला लांबच ठेवा असंच लिहिलंय मी. पुन्हा वाचा.

गुण्या पक्का

केसभर म्हणजे किती ते सांगा ना, राव. मागच्या टोकाला ०.०५ ते ०.१ मिमी बाहेर, त्याहून जास्त नाही. जास्त ठेवलंत तर फेन्सच्या बाजूची कड स्वच्छ येईल आणि उरलेल्या तुकड्यावर मागच्या दातांच्या चंद्रकोरी उमटतील. आणि फेन्स कधी पात्याच्या डावीकडे नेलीत तर हेच बाहेर तिथे आत होतं. जो दोन्हीकडे वापरतो त्याने तंतोतंत समांतर लावावी. भुसेकरांचं पातं कोणत्या बाजूला कलतं त्यावर ठरवा.

भुसेकर

पातं कलतच नाही, टेबल कलतं. जुना नमुना. त्यामुळे फेन्स कायम उजवीकडे.

गुण्या पक्का

मग ०.०५ बाहेर ठेवा आणि विसरून जा. फक्त टेबल तिरकं करून काप घेताना लाकूड घसरून फेन्सवर जड होतं, तेव्हा दाब वाढतो. कॅम जरा जास्त घट्ट ठेवा.

भुसेकर

धागा वर काढतोय. झाली एकदाची.

रूळ ७५ बाय ५० चा, दीड मीटर, टेबलाला ५० बाय ५० बाय ६ चा अँगल बोल्ट करून त्यावर. उजवीकडे टेबलाबाहेर येतो तिथे खाली प्लायचं छोटं टेबल जोडलं, आता अर्धी शीटही मधोमध चिरता येते. फेन्सचं शरीर तळकोकणींचं ऐकून ४० बाय ८० चं प्रोफाइल, ८० ची बाजू उभी. टी ची आडवी दांडी ३५० मिमी, १० मिमी प्लेटवर प्रोफाइल बोल्टने बसवलं. कॅम उद्यमनगरात झाला, रंधेभाऊंचे आभार, ड्रॉइंग नेलं होतं तरी कारागिराने हँडल त्याच्या मनासारखंच वाकवलं आणि ते माझ्या ड्रॉइंगपेक्षा हाताला बरं बसतं. फळी १८ मिमी मरीन प्लाय, दोन्ही बाजूंना सनमायका, सागवेडी म्हणतात तशी सरकणारी. प्रोफाइलला लावताना मधे बारीक पोकळी दिसली, तिथे शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कापून घातला, साधारण ०.१ मिमीचा असतो, नेमका बसला.

आकडे. आवळा-सोडाच्या चाचणीत मागचं टोक दर वेळी ०.१ च्या आत येतं. मग फर्निचरवाल्या दादांची शंका मनात होती म्हणून स्प्रिंगचा वजनकाटा मागच्या टोकाला अडकवून ५ किलोने बाजूला ओढलं, डायल ०.२ सरकला आणि सोडल्यावर परत शून्यावर आला. जुनी फेन्स याच ओढीला २ मिमीच्या वर सरकत होती आणि परत यायचं नाव नव्हतं.

रिव्हिंग नाइफ २.५ ची बसवली. सागाची एक हटवादी फळी चिरली, मागे मिटली आणि नाइफला चिकटून बसली. मशीन बंद केलं, पाचर मारली, पुढे गेलो. पूर्वी काय झालं असतं याचा विचार करत नाही.

राहता राहिली मापपट्टी. चिकटवायची स्टीलची मिळते ती डावीकडून उजवीकडे वाचायची घेतली. पातं बदललं की शून्य हलतो, त्यावर काय करता?

अटलांटिकपार

कर्सर (पट्टीवर माप दाखवणारी खूण) सरकता ठेवा, दोन स्क्रू आणि लांबट भोकं. पातं बदललं की एक पट्टी चिरायची, कॅलिपरने मोजायची, कर्सर तेवढ्यावर आणायचा. जास्तीची फळी लावत असाल तर दुसरा कर्सर दुसऱ्या रंगाचा.

डोंबिवलीचा फर्निचरवाला

५ किलोला ०.२ म्हणजे आमच्या दोन क्लॅम्पच्या पाइपइतकीच झाली की. आणि हलवायला एक हात. साहेब, ड्रॉइंग इथे टाका. वखारीत एक जुनं बिडाचं टेबल पडलंय, मालक लोखंडाच्या भावात देतोय.

सागवेडी

घ्या दादा, पण आधी पाळणा बघा, रिव्हिंग नाइफला जागा आहे का ते. नसेल तर लोखंडाच्या भावातही महाग आहे.

भुसेकर

ड्रॉइंगचा फोटो रात्री टाकतो. टेबलाची पुढची कड जाडीला किती आहे ते मोजून सांगा, बोल्टांची उंची त्यावर ठरते. आणि कडेला आतून फासळ्या असतील तर त्यांच्या जागा खडूने मांडून घ्या. माझं एक भोक नेमकं फासळीवर येत होतं, ड्रिल लावण्याआधी दिसलं म्हणून बरं.